बिस्मथ, एक नंबर, गूजसाठी

बंदुकीत काडतूस घालण्याआधी वत्सलाताई ते डोळ्यांजवळ धरून मोठ्यानं वाचायच्या. "बिस्मथ. एक नंबर. गूजसाठी." मग दुसरं खिशातून काढायचं, तेही तसंच वाचायचं, आणि मगच बंदूक मिटायची. समोरून गीजचा, म्हणजे गूज नावाच्या रानहंसांचा, थवा कलकलाट करत येतोय, शेजारी त्यांचा शिकारीतला जोडीदार कॉलिन दातओठ खातोय, आणि या बाई शेताच्या चरात गुडघाभर गवतात उभ्या राहून शांतपणे वाचन करतायत. वाचून झालं की माझ्याकडे बघायच्या. मी "बरोबर" म्हणायचं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्यांचं त्यावाचून काही अडत नसे. "दुसऱ्या माणसानं ऐकलं पाहिजे," त्या म्हणायच्या. "त्याला कळलंच पाहिजे असं नाही."

ही सवय ऑपरेशन थिएटरातली. वत्सलाताई जगदाळे मूळच्या साताऱ्याकडच्या, आणि साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात उभी हयात भूलतज्ज्ञ म्हणून काढलेल्या. इंजेक्शन भरण्याआधी कुपीवरचं नाव वाचायचं, डोस वाचायचा, शेजारच्या नर्सनं ऐकायचं. रिटायर झाल्यावर थिएटर सुटलं, नर्स सुटली, आणि तिच्या जागी मी लागलो. मी नागपूरचा, सॉफ्टवेअरवाला, त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणारा शेजारी. नर्सला निदान पगार मिळत होता.

आमची पहिली भेट सांगतो, म्हणजे बाई कशा होत्या ते कळेल. आम्ही मेडनहेडहून इथे राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी बेल वाजली. दारात एक ठेंगणी, पांढऱ्या बॉबकटची बाई, वेलिंग्टन बूट घातलेली. वाटलं, शेजारधर्म म्हणून चहाला बोलवायला आली असेल. तिनं विचारलं, "मराठी ना? रक्त बघून चक्कर येते का तुला?" मी म्हटलं, नाही. "आणि बायकोला?" मी म्हटलं, मृणाल शाकाहारी आहे. "मग तूच ये," म्हणाल्या आणि निघाल्यासुद्धा. पुढचे दोन तास मी त्यांच्या गॅरेजमध्ये स्टुलावर बसून एका अगडबंब कॅनडा गूजची पिसं उपटत होतो. आमचं सामान अजून खोक्यांतच होतं. मृणाल फोन करकरून विचारत होती की तू आहेस कुठे, आणि खरं सांगितलं असतं तर तिनं परतीची व्हॅन बोलावली असती.

बंदूक त्यांच्याकडे आली ती एका सर्जनकडून. वर्षानुवर्षं त्या त्याच्या पेशंटांना झोपवत, तो कापत असे. त्यानंच त्यांना नेम धरायला शिकवलं, आणि जाताना आपली जुनी दुनळी बंदूक त्यांच्या नावानं ठेवून गेला. वत्सलाताईंपेक्षाही वयानं मोठी बंदूक, नळ्या पातळ, दस्ता हातानं झिजून गुळगुळीत झालेला. पोलिसांच्या परवान्यापासून लोखंडी कपाटापर्यंत सगळं रीतसर. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायका दबक्या आवाजात म्हणायच्या, "त्या बंदूकवाल्या ताई." त्या चांगल्या मोठ्या आवाजात उत्तर द्यायच्या, "मागून बोलू नका गं, तिकडे नेम जातो माझा."

आता काडतुसाचं काय ते थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्या आयुष्यातली सगळी भांडणं यावरून होती. पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे वापरायला इथे बंदी आहे. मग राहतात दोन वाटा. एक पोलादाची, म्हणजे स्टीलची. स्वस्त, पण कडक आणि वजनाला हलकं. त्यानं जुन्या पातळ नळ्यांची वाट लागते. दुसरी बिस्मथची. महाग, पण मऊ आणि जड, शिशाच्या जवळपास जाणारी. शिवाय छर्ऱ्याचा आकार. नंबर जेवढा लहान तेवढा छर्रा मोठा. बदकाला पाच नंबरचे बारीक छर्रे पुरतात, गूजला एक नंबर लागतो. एवढ्या मोठ्या पक्ष्याला बारीक छर्रे मारले तर तो मरत नाही, नुसता जखमी होऊन उडून जातो आणि कुठेतरी झुडपात दोनतीन दिवस तडफडतो. हे त्यांना अजिबात खपत नसे. "भूल कमी पडली तर पेशंट टेबलावर जागा होतो," त्या म्हणायच्या. "त्याच्या तोंडात नळी असते, तो ओरडूही शकत नाही. ते मी एकदा पाहिलंय. पुन्हा बघायचं नाही, माणसात नाही आणि गूजमध्येही नाही."

कॉलिनचं मत बरोबर उलट. कॉलिन म्हणजे बंदरावरच्या कंटेनर क्रेनचा रिटायर झालेला चालक, सहा फुटी, लाल मानेचा, मनाचा भाबडा पण तोंडाचा फटकळ. त्याच्याकडे नवी कोरी ऑटोमॅटिक बंदूक आणि हातभर लांब वाटावीत अशी स्टीलची काडतुसं. त्याचा सिद्धांत एकच, की छर्रा मोठा घ्या, दारू जास्त घ्या आणि गूज दिसलं रे दिसलं की उडवा. आयुष्यभर क्रेनच्या केबिनमधून खाली बघितल्यामुळे त्याला सगळंच जवळ वाटत असावं.

"वत्सला, तुझी काडतुसं जवाहिऱ्याकडून येतात का?" तो विचारायचा.

"तुझी भंगारातून येतात, कॉलिन, म्हणून तुला तसं वाटतं."

"माझी आभाळापर्यंत पोचतात."

"पोचतात ना. आभाळाला लागतात. गूजला लागत नाहीत."

हे सगळं इंग्रजीत, अतिशय गोड आवाजात, फ्लास्कमधला एकच चहा वाटून पिताना. मध्येच मराठीत माझ्याकडे वळून, "बघ, आता बावळट कसा हसेल बघ." आणि कॉलिन खरंच हसायचा. त्याला वाटायचं, आपलं कौतुक चाललंय.

काडतूस निवडायची त्यांची पद्धतही पक्की थिएटरची. दुकानदार काय म्हणतो, डब्यावर काय छापलंय, याच्यावर विश्वास शून्य. नवा डबा आणला की शेतावर एक मोठा कागद लाकडी चौकटीला ठोकायचा, ठरलेल्या अंतरावर उभं राहून बार काढायचा आणि छर्रे कसे पसरलेत ते बघायचं. गूज मावेल एवढी मोकळी जागा मध्ये कुठे राहिली, तर तो डबा बाद. मोठा कागद आणायचा कुठून? मी तेव्हा मंडळाचा सेक्रेटरी होतो आणि दिवाळी कार्यक्रमाची उरलेली पोस्टरं माझ्या गॅरेजमध्ये पडून होती. पाठ कोरी होती, त्यामुळे मी देऊन टाकली. पण वत्सलाताईंनी ती उलटी न लावता सुलटी लावली. पोस्टरावर प्रमुख पाहुणे होते, मोठे हसरे, फेटा बांधलेले. एका शनिवारी मंडळाचे अध्यक्ष काही कामानं त्यांच्याकडे गेले, तर गॅरेजच्या भिंतीला प्रमुख पाहुण्यांची सहा पोस्टरं ओळीनं, चेहऱ्याची चाळण झालेली. अध्यक्ष पांढरेफटक पडले. वत्सलाताई म्हणाल्या, "भाषण फार लांबलं होतं हो त्यांचं." नंतर मला म्हणतात, "खरं म्हणजे नाकाचा नेम धरायला बरा पडतो. कोऱ्या कागदावर डोळा ठरत नाही." पुढच्या वर्षीच्या पाहुण्यांनी पोस्टरावर फोटो नको म्हणून कळवलं. कुणी काय सांगितलं त्यांना, देव जाणे.

मारलेलं गूज वाया जात नसे. त्याचा साताऱ्याच्या पद्धतीचा रस्सा व्हायचा, सुक्या खोबऱ्याचा, तर्रीदार, आणि तो आमच्या गल्लीभर वाटला जायचा. कॉलिन ब्रेडबरोबर खायचा, डोळ्यांतून पाणी काढत. "हे अन्न नाही, हा हल्ला आहे," म्हणायचा आणि वाटी पुढे करायचा. मी नागपूरचा असल्यामुळे आणखी थोडं तिखट चाललं असतं, असं एकदा बोलून गेलो. तीन आठवडे मला रस्सा मिळाला नाही.

शिकार चालायची ती टेस्ट नावाच्या नदीकाठच्या एका शेतावर. शेत पॅम नावाच्या बाईंचं. थंडीत शेकडो गीज नदीवरून येऊन तिचा कोवळा गहू फस्त करायची, म्हणून तिनं या दोघांना परवानगी दिली होती. पण आदल्या हंगामात पंख मोडलेलं एक गूज उडत जाऊन गावातल्या तळ्यात पडलं, नेमकं शाळा सुटायच्या वेळी. पोरं रडली, आया चिडल्या, पॅमकडे तक्रारी गेल्या. पॅमनं दोघांना बोलावून स्वच्छ सांगितलं, "पुन्हा असं झालं, तर ज्याचं गूज असेल त्यानं माझ्या शेतात पाय ठेवायचा नाही. कायमचं."

कॉलिनला काय, त्याला आणखी दोन ठिकाणी परवानगी होती. वत्सलाताईंना हे एकच शेत. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी बर्मिंगहॅमला, ती सारखी म्हणायची की आई, घर विकून इकडे ये. वत्सलाताईंचं उत्तर ठरलेलं होतं. "तिथे बसच्या रांगेत उभी राहून मी काय करू? इथे मला पहाटे उठायला कारण आहे." तेवढं एकच कारण होतं त्यांच्याकडे, हे मला माहीत होतं, आणि त्यांनाही ते माहीत होतं.

जानेवारीतली ती सकाळ. गवतावर बर्फाची खरपूड, नदीवर धुकं. आम्ही तिघं चरात उभे. कॉलिन त्या दिवशी जरा जास्तच फॉर्मात होता. वत्सलाताई काडतूस काढायला लागल्या की हा पाद्र्याच्या आवाजात "लेट अस प्रे" म्हणायचा. एकदा म्हणाला, दोनदा म्हणाला, तिसऱ्यांदा मलाही हसू आलं. वत्सलाताईंनी आम्हा दोघांकडे असं पाहिलं की माझं हसू घशातच राहिलं. मग गीज आली. वत्सलाताईंनी खिशातून काडतुसं काढली, गपकन आत सरकवली आणि बंदूक मिटली. अवाक्षर नाही.

कॉलिननं दोन बार काढले, नेहमीसारखे लांबून. वत्सलाताईंनी एकच काढला, जवळच्या पक्ष्यावर. थव्यातलं एक गूज एकदम खाली झुकलं, सावरलं, आणि एका अंगावर कलत नदीपलीकडे निघून गेलं. आम्ही कुत्रा घेऊन दुपारपर्यंत शोधलं. सापडलं नाही. त्या सगळ्या वेळात वत्सलाताईंनी कॉलिनला जे काही सुनावलं ते इथे लिहिता येण्यासारखं नाही. लांबून मारणं म्हणजे काय, स्टील म्हणजे काय, माणसाला लाज म्हणजे काय. कॉलिन मान खाली घालून ऐकत होता. एवढा मोठा माणूस, पण बोळक्याएवढा झाला होता.

दुसऱ्या दिवशी ते गूज त्याच तळ्यात मिळालं. पॅमच्या नवऱ्यानं त्याला त्रासातून सोडवलं, आणि पॅमनं ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वत्सलाताईंच्या दारात आणून टाकलं. "तू डॉक्टर आहेस. कुणाचं आहे ते शोध आणि संध्याकाळी मला सांग."

वत्सलाताई पिशवी घेऊन थेट माझ्या किचनमध्ये. मृणाल मुलीच्या शाळेत पेरेंट्स इव्हिनिंगला गेली होती, म्हणून मी वाचलो. "तुझ्या फ्रिजवर चुंबक असतात ना? दे एक," म्हणाल्या. "स्टील चुंबकाला चिकटतं, बिस्मथ चिकटत नाही. कॉलिनसमोर पुरावाच ठेवते." आमच्या फ्रिजवर नागपूरच्या संत्र्याचं एक चुंबक होतं. मी ते काढून दिलं. त्यांनी वर्तमानपत्र पसरलं, हातमोजे चढवले आणि चिमट्यानं पंखाच्या सांध्यातून छर्रे काढून बशीत टाकायला सुरुवात केली. टिण्, टिण्. तोंडानं कॉलिनला काय काय म्हणायचं त्याची तयारी चालू होती. मग संत्रं बशीवर धरलं.

एकही छर्रा हलला नाही.

त्यांनी चुंबक उलटं करून पाहिलं. मग माझ्या चमच्याला लावून पाहिलं, चमचा चटकन चिकटला. पुन्हा बशीवर धरलं. मग चष्मा वर करून एक छर्रा बोटावर घेतला आणि बराच वेळ बघत राहिल्या. "हे एक नंबर नाहीत रे," म्हणाल्या. "पाच नंबर आहेत. बदकाचे." त्यांच्या कोटाच्या एका खिशात गूजची काडतुसं असत आणि दुसऱ्यात बदकाची. एकाच कंपनीची, दोन्हींची टरफलं लाल. काल हात चुकीच्या खिशात गेला होता, आणि वाचलं असतं तर लक्षात आलं असतं. त्या माझ्या डायनिंग टेबलाशी बसल्या. मी चहा ठेवला.

कप पुढे सरकवत मी म्हटलं, "ताई, पॅमला बिस्मथ काय कळतंय? आणि बशी माझ्याच सिंकमध्ये धुवायची आहे."

त्यांनी माझ्याकडे इतक्या प्रेमानं पाहिलं की मला वाटलं, पटलं. "संदीप," म्हणाल्या, "तू फार लबाड आहेस. नर्स असतास तर मी तुला पहिल्याच दिवशी काढलं असतं. चल, गाडी काढ."

पॅमच्या घरी पोचलो तर तिथे कॉलिन आधीच बसलेला, टोपी गुडघ्यावर. पॅम म्हणाली, "कॉलिननं कबूल केलंय. त्याचंच गूज होतं. त्याची परवानगी मी काढून घेतलीय."

वत्सलाताई क्षणभर गोंधळल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि माझ्याही. कॉलिनला कुठलाच पुरावा लागला नव्हता. आपलं असो नसो, आपल्याकडे आणखी शेतं आहेत आणि तिच्याकडे हे एकच आहे, एवढा हिशोब त्यानं केला होता.

"खोटं बोलतोय हा," वत्सलाताई म्हणाल्या. "माझं होतं."

"माझं होतं," कॉलिन म्हणाला.

"तुझं कसं असेल? तुला त्या अंतरावरून चर्चचा मनोरासुद्धा लागला नसता."

"मी दोन बार काढले. तू एक काढलास."

"दोन्ही ढगाला लागले, कॉलिन. उगाच दुसऱ्याच्या चुकीचं श्रेय घेऊ नकोस." आणि त्यांनी पर्समधून माझं संत्रं आणि छर्ऱ्यांची बशी काढून टेबलावर ठेवली. पाच नंबर, बिस्मथ, चुकीचा खिसा, न वाचलेलं काडतूस, सगळं एका दमात सांगितलं, वॉर्डात केस सांगावी तसं. आवाज कुठेही हलला नाही. पॅमनं चुंबक फिरवून पाहिलं. मग ती म्हणाली की हवं तर आपण हे विसरून जाऊ, तिला इतकं कडक वागायचं नव्हतं. वत्सलाताई म्हणाल्या, "नियम तू केलास, तो बरोबर आहे. मीसुद्धा हाच केला असता." कॉलिन लालबुंद झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी थोर करायला गेला होता बिचारा, आणि तेही या बाईनं करू दिलं नाही. बाहेर आल्यावर त्या त्याला एवढंच म्हणाल्या, "काल जे बोलले ते परत घेते. लांबून मारण्याबद्दलचं सोडून." गाडीत बसल्यावर मात्र त्या रडल्या. मी रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिलो.

एप्रिलमध्ये त्यांनी घर विकायला काढलं. मुलीला कळवलं की येते. मी खूप समजावलं, मृणालनंही समजावलं, दुसरं एखादं शेत बघू म्हटलं. "या वयात नव्या शेतकऱ्याला मी आवडायला चार वर्षं जातील," म्हणाल्या, "आणि पाचव्या वर्षी मी त्याच्याशी भांडेन." बाईंना स्वतःची पूर्ण ओळख होती.

निघायच्या दिवशी कॉलिन व्हॅन घेऊन सामान चढवायला आला. सगळं झाल्यावर वत्सलाताईंनी त्याला आत बोलावलं आणि कपाटातून सर्जनची ती दुनळी काढून त्याच्या हातात दिली. पोलिसांना कळवायचे कागद आधीच भरून ठेवले होते. दस्त्यावरून कॉलिनचा अंगठा फिरत होता. मला वाटलं, हा आता काही बोलणार नाही. पण तो कॉलिन होता. नळ्या डोळ्यांसमोर धरून म्हणाला, "मोठी काडतुसं चालतील ना हिला? माझ्याकडे स्टीलचे चार डबे पडलेत."

"छे, छे," वत्सलाताई म्हणाल्या. "एक जरी स्टीलचं घातलंस तरी नळ्या जातील. सर्जनच्या वेळेपासूनच्या आहेत. बिस्मथच घालावं लागेल. आणि बिस्मथ परवडायचं असेल तर लांबून उडवता येणार नाही, गूज जवळ येईपर्यंत थांबावं लागेल. काय करणार? बंदूकच तशी आहे."

कॉलिननं बंदुकीकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहिलं. मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं, मी काही मदत करतो का म्हणून. मी छताकडे बघत होतो.

"वत्सला," तो हळूच म्हणाला, "मी हिला नाही म्हणू शकतो का?"

"शकतोस की. टाक परत कपाटात."

मग त्यानं कोट काढला, बंदूक त्यात नीट गुंडाळली, आणि तान्हं मूल न्यावं तशी दोन्ही हातांनी धरून बाहेर व्हॅनकडे गेला. वत्सलाताईंनी माझ्याकडे वळून एक डोळा मिटला. "भूल अशी द्यायची असते, संदीप," म्हणाल्या. "पेशंटला कळायच्या आत."

गेल्या हंगामात कॉलिननं सगळी मिळून चार गीज मारली. एकही जखमी होऊन गेलं नाही. तो भेटला की त्या बाईला शिव्या घालतो, आणि मग विचारतो, तिचा फोन आला होता का.